मुलं म्हणतात पेंग्विन "काचेत" राहतो, मग व्हर्च्युअल टूर दाखवायची तरी कशी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्याकडे ४ ते ६ वयाची १४ मुलं आहेत, तुम्ही त्यांना एका मत्स्यालयाची ४० मिनिटांची व्हर्च्युअल टूर दाखवली, पहिली दहा मिनिटं सगळी खिळून बसली आणि मग चुळबुळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी "पेंग्विन कुठे राहतात?" विचारलं तर एक जण म्हणाला "काचेत", दुसरी म्हणाली "पोलर बेअरच्या शेजारी". आता तुम्हाला हवंय की यापेक्षा चांगली टूर कुठली ते सांगा, आणि व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचा, आपण त्या जागीच आहोत असं भासवणारा स्क्रीन) आणले तर फरक पडेल का तेही सांगा.

मी गेली १७ वर्षं बालवर्गाला शिकवतेय आणि पेंग्विन हा विषय जवळजवळ दरवर्षी घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट, तो "काचेत" म्हणणारा मुलगा चुकलेला नाहीये. त्याने जे बघितलं तेच सांगितलं. मत्स्यालयाच्या टूरमध्ये काच असते, रंगवलेली भिंत असते, माणसांनी बनवलेले खडक असतात, बादली घेऊन कोणीतरी येतं आणि मासे भरवतं. मुलाने हे सगळं नीट टिपलं आणि त्यावरून बरोबर निष्कर्ष काढला. म्हणजे आपल्याला शिकवायचं होतं ठिकाण आणि आपण दाखवला पक्षी. टूर चांगली की वाईट हा नंतरचा भाग झाला, आधी मुलांना त्या टूरमध्ये शोधायला काय दिलं होतं ते महत्त्वाचं, आणि तुमच्या वर्णनावरून मला वाटतं काहीच दिलं नव्हतं, नुसतं "बघा बघा किती छान" असं झालं असणार. मी स्वतः सुरुवातीची तीन-चार वर्षं अगदी हेच केलंय.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधी सांगते. वय सगळ्यात मोठं. तुमच्या गटात पुढे कधी तीनच्या खालचं कोणी आलं तर त्याच्याकडून स्क्रीनवरचं ठिकाण "खरं ठिकाण" म्हणून समजण्याची अपेक्षा ठेवू नका. जुडी डीलोश नावाच्या मानसशास्त्रज्ञांचा १९८७ चा एक प्रयोग आहे, खोलीचं छोटं मॉडेल करायचं, त्यात छोटं खेळणं मुलासमोर लपवायचं आणि मग खऱ्या खोलीत त्याच जागी लपवलेलं मोठं खेळणं शोधायला सांगायचं. तीन वर्षांची मुलं जाऊन बरोबर शोधायची, अडीच वर्षांच्या बहुतेकांना जमायचंच नाही, मॉडेल ही एक वस्तू आहे आणि ती दुसऱ्या जागेबद्दल काही सांगतेय हेच लक्षात यायचं नाही. मला हा प्रयोग कळल्यावर बऱ्याच कोड्यांची उत्तरं मिळाली, कारण स्क्रीनवरचा किनारा म्हणजे तरी काय, दुसऱ्या जागेचं मॉडेलच. चार-पाच वर्षांच्या मुलांना हे जमतं पण मदत लागते. दुसरं, मुलांनी समुद्र किंवा बर्फ प्रत्यक्ष पाहिलाय का यावर बरंच ठरतं, नसेल पाहिला तर आधी पाण्याच्या टबात आणि बर्फाच्या ट्रेमध्ये हात घालू द्या, टूर नंतर. आणि स्क्रीन किती मोठी, नेट कसं चालतं, हे तुमचं तुम्हालाच माहीत. वेळेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, आणि कमी असेल तर उत्तमच, असं सांगितलंय. त्यातली ४० मिनिटं आपणच खाल्ली तर घरच्यांसाठी काय उरलं? मी एका वेळी १० मिनिटांच्या वर जात नाही, क्वचित १२.

आता मुख्य मुद्दा. बरीच वर्षं चाचपडल्यावर मला एक प्रश्न सापडला आणि तो मी प्रत्येक टूरच्या आधी मुलांना देते, फक्त तोच. "इथे अंडं कुठे ठेवायचं?" बास. मुलांच्या हातात एकेक अंडं देते, म्हणजे मोज्याचा गुंडाळलेला गोळा, आणि सांगते की आपण पेंग्विनच्या गावी चाललोय, तिथे पोचलं की सगळीकडे नीट बघायचं आणि हे अंडं कुठे ठेवलं तर नीट राहील ते शोधायचं. या एका प्रश्नाने मुलाची नजर पक्ष्यावरून जमिनीवर जाते. खाली काय आहे, वाळू आहे का, दगड आहेत का, वारा येतोय का, सावली आहे का, पाणी किती लांब आहे. अधिवास अधिवास म्हणतो आपण तो हाच की, फक्त चार वर्षांच्या मुलाला पेलेल अशा रूपात.

आणि पेंग्विन हा पक्षी या प्रश्नासाठी जणू घडवलाय, कारण त्यांच्या साधारण १८ जाती आहेत आणि अंड्याचा प्रश्न त्यांनी जागेप्रमाणे वेगवेगळा सोडवलाय. एम्परर पेंग्विन अंटार्क्टिकाच्या समुद्रावरच्या बर्फावर राहतो, तिथे ना दगड ना माती ना काडी, म्हणून नर अंडं पायांवर घेतो आणि वरून पोटाची कातडी ओढतो, जवळपास ६५ दिवस, काही न खाता, ऐन हिवाळ्यात. अडेली पेंग्विन पण अंटार्क्टिकाचाच, पण तो मोकळ्या खडकाळ जमिनीवर घरटं करतो, तिथे गोटे मिळतात म्हणून तो गोट्यांचा ढीग करतो, का तर बर्फ वितळून पाणी वाहायला लागलं की अंडं ओलं होऊ नये. (शेजाऱ्याचे गोटे चोरतो पण, हे सांगितलं की मुलं दिवसभर त्याच्यावरच बोलतात.) आफ्रिकन पेंग्विन दक्षिण आफ्रिकेच्या आणि नामिबियाच्या किनाऱ्यावर असतो, तिथे प्रॉब्लेम थंडीचा नाहीच, उन्हाचा आहे, म्हणून तो बीळ करतो नाहीतर झुडपाखाली सावलीत बसतो. गालापागोसचा पेंग्विन लाव्हाच्या खडकातल्या भेगांमध्ये अंडी घालतो. न्यूझीलंडचा फियोर्डलँड पेंग्विन तर चक्क जंगलात, झाडांच्या मुळांखाली. अंडं तेच, जागा पाच, युक्त्या पाच. मुलाला यातल्या दोन जरी नीट कळल्या तरी "पेंग्विन म्हणजे बर्फ" हे समीकरण कायमचं मोडतं.

म्हणून माझा आग्रह असतो की निदान दोन जागा दाखवा, वेगवेगळ्या दिवशी, आणि पहिली जागा बर्फाची नको. उलट वाटेल पण करून बघा. मी पहिल्या दिवशी बोल्डर्स बीच घेते, केप टाउनजवळ सायमन्स टाउनमधला किनारा आहे, मोठमोठे गुळगुळीत ग्रॅनाइटचे खडक, पांढरी वाळू, मागे हिरवी झुडपं आणि पलीकडे माणसांची घरं. १९८२ मध्ये तिथे पेंग्विनच्या दोन जोड्या येऊन राहिल्या आणि मग वसाहत वाढत गेली. स्ट्रीट व्ह्यू (गूगलच्या नकाशावरचे चहूबाजूंनी फिरवून बघता येणारे फोटो), साधे फोटो, कोणी चालत चालत काढलेला व्हिडिओ, काहीही चालतं. मी टूरचा आवाज बंद ठेवते. निवेदन बहुतेक इंग्रजीत आणि भराभर असतं, मुलं ऐकायचं की बघायचं यात अडकतात. मी स्वतः हळूहळू बोलते, आणि खरं तर फार बोलतच नाही, पॉज करते आणि थांबते. गेल्या वर्षी असंच पॉज केलं होतं, एक मुलगी मोज्याचं अंडं हातात धरून स्क्रीनच्या अगदी जवळ गेली, वाळूवर बोट ठेवलं, मग बोट सरकवत सरकवत झुडपाखालच्या काळोखात नेलं आणि म्हणाली, "इथे. बाहेर चटका बसेल त्याला." तिला कोणी सांगितलं नव्हतं की तिथे ऊन असतं, जमिनीवरच्या सावल्या बघून तिने ओळखलं. पुढच्याच क्लिपमध्ये झुडपाखाली बसलेला पेंग्विन दिसला तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

दुसऱ्या दिवशी अंटार्क्टिका. गूगलने २०१० मध्ये हाफ मून बेटावरचे स्ट्रीट व्ह्यूचे फोटो टाकले होते, तिथे चिनस्ट्रॅप पेंग्विन दिसतात, हनुवटीखाली बारीक काळी रेघ असलेले. त्याचा फायदा असा की मुलांना स्वतः फिरवता येतं, माऊस एकाच्या हातात आणि बाकीचे "मागे बघ, खाली बघ" सांगतायत, म्हणजे सगळा वर्ग एकच डोळा होऊन बघतो. चौदा मुलांना हे जरा जास्त होईल, सात-सातचे दोन गट करा, दुसरा गट तोवर चित्र काढेल. एम्परर मात्र स्ट्रीट व्ह्यूमध्ये शोधत बसू नका, त्याच्यासाठी अंडं सांभाळणाऱ्या नराची दोन मिनिटांची क्लिप पुरते. ती दाखवून लगेच स्क्रीन बंद करते आणि मोज्याची अंडी पायावर ठेवून वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावते. हात न लावता. पहिल्या तीन पावलांत सगळ्यांची अंडी पडतात. मग हळूहळू त्यांची ती टाचा न उचलता घसटत चालायची पद्धत आपोआप येते, आणि मग एखादा ओरडतो की बाई हे तर पेंग्विनसारखंच चालणं झालं! नंतर टेबलफॅन लावून सगळ्यांना घोळका करून उभं करा, बाहेरच्यांनी आत आणि आतल्यांनी बाहेर, पाळीपाळीने. एम्परर थंडीत असेच घोळक्यात सरकत राहतात. थंडी स्क्रीनमधून येत नाही हो, ती अंगाला दिल्याशिवाय कळत नाही.

लाइव्ह कॅमबद्दल, म्हणजे एकाच जागी रोखलेल्या थेट कॅमेऱ्याबद्दल, वेगळं बोलायला हवं कारण लोक त्याला टूर समजतात. माँटेरे बे मत्स्यालयाचा पेंग्विन कॅम आहे, त्यात आफ्रिकन पेंग्विन दिसतात, पण तो कॅलिफोर्नियात दिवस असतो तेव्हाच लाइव्ह असतो, तुमच्या वर्गाची वेळ जुळते का ते आधी बघून ठेवा. ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडवर लिटल पेंग्विन सूर्यास्तानंतर समुद्रातून घोळक्याने वर येतात, त्याचं थेट प्रक्षेपण सुरू असेल तर ते तिथल्या संध्याकाळीच दिसणार. लाइव्ह कॅमची गंमत अशी की त्यात बराच वेळ काहीच होत नाही, पेंग्विन उभाच असतो, आणि ते चांगलं आहे, कारण एडिट केलेल्या व्हिडिओत दर तीन सेकंदाला कट असतो आणि मुलाची नजर कुठेच टिकत नाही. एकदा आम्ही पाच मिनिटं एका स्वस्थ उभ्या पेंग्विनकडे बघत होतो आणि एका मुलाने विचारलं की याने डोळ्याच्या वर गुलाबी रंग का लावलाय. आता हे माझ्या नजरेतून सुटलं असतं. आफ्रिकन पेंग्विनच्या डोळ्यांवर पिसं नसलेली गुलाबी त्वचा असते, अंग तापलं की रक्त जास्त प्रमाणात तिथे जातं आणि हवेने थंड होतं, म्हणजे गुलाबी डाग हा त्याचा उन्हावरचा उपाय. मग मी विचारलं, एम्पररला असा डाग असेल का? लगेच सगळे फोटो शोधायला धावले.

पण मत्स्यालयाचा कॅम दाखवताना एक प्रश्न जरूर विचारा, "यातलं काय माणसांनी बांधलंय?" मुलं दार दाखवतात, काच दाखवतात, मग वाद सुरू होतो की खडक खरे की खोटे. त्यांना सरळ सांगा की हे पेंग्विनचं गाव नाही, माणसांनी त्यांच्यासाठी बांधलेलं घर आहे, आणि शेजारी बोल्डर्स बीचचा फोटो ठेवा. तुमच्या त्या "काचेत"वाल्या मुलाचा गोंधळ इथेच सुटेल. तुम्ही दाखवलेली मत्स्यालयाची टूर पण अजिबात फुकट गेलेली नाही, ती तिसऱ्या दिवसाला ठेवायची, पहिल्या नाही, इतकंच.

उंचीचं एक लक्षात घ्या. स्क्रीनवर सगळे पेंग्विन सारखेच दिसतात, स्क्रीनच्या उंचीएवढे. लिटल पेंग्विन साधारण ३३ सेंटिमीटर आणि एम्परर ११५ च्या आसपास, पण मुलाला दोन्ही एकच. म्हणून टूरच्या आधी दोघांचे कागदी कटआउट भिंतीला लावते, पाय जमिनीला टेकलेले. चार वर्षांचं मूल सहसा एक मीटरच्या आगेमागे असतं, म्हणजे एम्परर त्याच्यापेक्षा उंच. मुलं शेजारी उभी राहतात, मान वर करतात, आणि जरा गप्प होतात. लिटलच्या शेजारी मात्र लगेच खाली बसतात आणि त्याला नाव ठेवतात. एवढ्या पाच मिनिटांच्या कामाने स्क्रीनवरचं चित्र खरं होतं, यासाठी मी कितीही गडबडीत असले तरी हे टाळत नाही.

पोलर बेअरचं सांगायचं राहिलं. यात मुलांचा दोष नाही, कार्टून आणि चित्रांमधून दोघं एकत्र दिसतात. मी एक मोठा चेंडू घेते, वरच्या टोकाला अस्वलाचं स्टिकर आणि खालच्या टोकाला पेंग्विनचं, आणि एका मुलाला बोटाने अस्वलापासून पेंग्विनपर्यंत "चालायला" सांगते. वाटेत गालापागोसचं स्टिकर चेंडूच्या बरोबर मधे. तिथले थोडे पेंग्विन विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेलाही सापडतात, पण पाच वर्षांच्या मुलाला "पेंग्विन खालच्या अर्ध्यात, अस्वल वरच्या टोकाला" एवढं पुरे. आणि गालापागोस एवढं मधोमध असून पेंग्विन कसा राहतो असं कोणी विचारलंच तर खरं उत्तर द्या, तिथे समुद्रात थंड पाण्याचे प्रवाह येतात आणि थंड पाण्यात मासे भरपूर असतात.

एक प्रयोग सगळीकडे फिरतो, हाताला चरबी लावून बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि म्हणायचं बघा पेंग्विनला अशी थंडी वाजत नाही. तो करा, मजा येते, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण पेंग्विनच्या उबेचं मुख्य काम पिसं करतात. दाट, एकावर एक बसलेली पिसं आणि त्यात अडकलेली हवा. म्हणून मी दोन पिशव्या करते, एकीत नुसता हात आणि दुसरीत कापूस भरून हात, दोन्ही बर्फात. आणि पिसांना पाणी का लागत नाही ते दाखवायला कागदावर मेणाचा खडू घासून वर पाण्याचा थेंब टाकायचा, थेंब घरंगळत जातो. पेंग्विन शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावत असतो, कॅमवर तो सारखा अंग खाजवतोय असं मुलांना वाटतं ते खरं तर हेच.

एक सावधगिरी. कुठलाही व्हिडिओ आधी स्वतः शेवटपर्यंत बघा. मी एकदा घाईत न बघता लावला आणि त्यात स्कुआ पक्ष्याने पिल्लू उचललं. एक मुलगी हमसून रडली आणि मला पटकन काही सुचलंच नाही, मी व्हिडिओ बंद केला आणि विषय बदलला, ते चुकलंच. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच विचारलं की ते पिल्लू परत आलं का. तेव्हा सांगितलं की नाही, आलं नाही, स्कुआला पण पिल्लं असतात आणि त्यांना भूक लागते, म्हणूनच मोठे पेंग्विन अगदी लहान पिल्लांना एकटं सोडत नाहीत. ती थोडा वेळ विचार करत बसली आणि मग तिने चित्रात पिल्लाच्या दोन्ही बाजूंना मोठे पेंग्विन काढले. तेव्हापासून मी असं दृश्य मुद्दाम दाखवत नाही, पण प्रश्न आला तर खोटंही सांगत नाही.

हेडसेटचं थोडक्यात सांगते, नको. बनवणाऱ्या कंपन्यांचीच वयोमर्यादा तुमच्या मुलांच्या वयापेक्षा बरीच वरची असते, आणि ती नसती तरी मी नाहीच म्हटलं असतं, कारण हेडसेटमध्ये प्रत्येक मूल एकटं होतं. "ते बघ, झुडपाखाली!" असं म्हणून शेजारच्याचा हात ओढता येत नाही, आणि आपलं निम्मं शिकणं त्या हात ओढण्यातच होतं.

म्हणजे क्रम असा धरा, आधी कटआउट आणि अंडं, मग दहा मिनिटं एकच जागा आवाज बंद ठेवून, मग लगेच अंगाने खेळ. पहिल्या दिवशी ऊन आणि वाळू, दुसऱ्या दिवशी बर्फ, मत्स्यालय तिसऱ्या दिवशी. मधे एखादा दिवस गेला तरी चालेल.

आणि शेवटी "पेंग्विन कुठे राहतात?" असं तोंडी विचारू नका, पाठ केलेलं उत्तर येतं. त्याऐवजी एक रिकामं खोकं, वाळू, गोटे, कापूस, हिरवे कागद असं सगळं समोर ठेवा, प्रत्येकाला त्याचं मोज्याचं अंडं द्या आणि म्हणा, याच्यासाठी जागा कर. त्या "काचेत" म्हणणाऱ्या मुलाच्या शेजारी जाऊन बसा, काही सुचवू नका, आणि तो गोटे उचलतो, कापूस उचलतो की अंडं स्वतःच्या पायावर ठेवतो, ते बघत राहा.